मॉन्सूनच्या अंगावरचा डाग

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार आणि वेधशाळेचा ‘मॉन्सून’ एकाच कुळातले, असं म्हटलं तर तिथले, श्रीगोंद्याकडचे लोक हसतील. हसोत. अरबी कोश निदान अर्ध्या वाटेपर्यंत माझ्या बाजूने आहेत.

सगळ्यांना ठाऊक असलेली वाट एवढीच: अरबी ‘मौसिम’, त्याचं पोर्तुगीज रूप, मग डच, मग इंग्रजी. आपला ‘मोसम’ फारसीमार्गे वेगळा आला. (मोसंबी या नात्यात बसत नाही, ती मोझांबिकची.) खरी गंमत मौसिमच्याही मागे आहे. धातू व-स-म, म्हणजे खूण करणे, डागणे. ‘वस्म’ म्हणजे उंटाला तापल्या लोखंडाने दिलेला टोळीचा डाग. आणि ‘मौसिम’ म्हणजे नुसता ऋतू नव्हे. ठरल्या वेळी भरणारी जत्रा, बाजारसुद्धा. हजच्या दिवसांना आजही मौसिमच म्हणतात.

कोशकार म्हणतात, खूण करून ठेवलेला काळ तो मौसिम. त्यात उंट कशाला ओढता? मला हे फार पुस्तकी वाटतं. काळावर खूण करण्याआधी माणसाने ती जनावरावरच केली असणार. टोळ्या जमल्या, कळप मिसळले, की डाग बघणं आलंच. त्या मेळाव्याचं नाव मौसिम. मधला दुवा मी तर्काने जोडतोय, कबूल. पण काष्टीत गिऱ्हाईक आजही आधी खूणच बघतं: जबडा उघडून दातांवरून आदत की दुसा की चौसा ते ठरवतं, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे 12 आकडे न्याहाळतं, मग रुमालाखाली बोटं दाबून भाव करतं.

दुसरा पक्ष जास्त तगडा. अरबस्तानात शरदातल्या पहिल्या पावसाला ‘वस्मी’ म्हणतात, कारण तो जमिनीवर हिरवळीची खूण उमटवतो. मग पाऊसच मूळ आणि बाजार मागाहून? छे! खलाशांचा मौसिम पावसाचा नव्हताच. तो गलबतं हाकारायचा ठरलेला काळ. हिवाळ्यात ईशान्येचा वारा, उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा. जायचं त्या बाजूला नेणारा धरायचा. हवामानशास्त्रातही मॉन्सून म्हणजे ऋतूगणिक दिशा पालटणारा वारा, पाऊस त्याच्या पाठीवरचं ओझं.

ते ओझं बहुतेक सह्याद्रीच उतरवून घेतो. पर्जन्यछायेतल्या काष्टीची भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर, रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर. अरबांचा वस्मीही ऑक्टोबरातच सुरू होतो. तेव्हा ‘मॉन्सून’ हे नाव पावसाला द्यायचंच तर त्यावर जूनच्या सरींपेक्षा आमच्या परतीच्या पावसाचा हक्क जास्त.