तीन, दहा, वीस किलोमीटर

अणुवीज केंद्रात अपघात झाला तर शेजारच्या गावाने काय करायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत आधी पालघर जिल्ह्याचा आहे. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते आहे. लोकवस्ती हलवावी लागेल असा अपघात तिथे कधी झालेला नाही आणि तो होऊ नये म्हणून माणसं रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून काम करतात. पण गावाची तयारी कळते ती केंद्राच्या कुंपणाबाहेर. जपानमध्ये फुकुशिमा दाइइची केंद्राभोवतीच्या ओकुमा, फुताबा आणि नामिए या लहान गावांची अशी परीक्षा झाली. तिथल्या पहिल्या स्फोटापर्यंतचं घड्याळ मी पालघरच्या नकाशावर ठेवून पाहतो आहे.

शुक्रवार, ११ मार्च २०११, दुपारी २.४६. स्फोटाला पंचवीस तास.

९.० तीव्रतेचा भूकंप झाला. चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या. बाहेरून येणारी वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. अडचण एवढीच की अणुभट्टी बंद केली तरी लगेच थंड होत नाही. बंद झाल्या क्षणीसुद्धा मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनातून निघत राहते. ती हळूहळू उतरते, तोवर पाणी फिरवत राहावंच लागतं, आणि पाणी फिरवायला वीज लागते.

दुपारी ३.३७. स्फोटाला चोवीस तास.

त्सुनामीची लाट आवारात शिरली आणि तळघरांतले जनरेटर बुडाले.

अरबी समुद्रात असं होईल का? मकरानची भूकंपप्रवण रेषा तारापूरपासून शेकडो किलोमीटर दूर आहे; जपानच्या किनाऱ्याशी आपली बरोबरी करणं चुकीचं ठरेल. पण वीज जायला लाटच लागते असं नाही. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनचं पातं तुटलं, हायड्रोजनने पेट घेतला, आग केबलींतून पसरली आणि केंद्र सतरा तास विजेविना राहिलं. नियंत्रण कक्षात धूर भरला. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणारे आग विझवायचे पंप लावून बाष्पजनित्रांत पाणी सोडलं आणि काळोखात टॉर्च घेऊन वर चढून अणुभट्टीत बोरॉन सोडलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्या माणसांची नावं आपल्या शाळेतल्या मुलांना ठाऊक असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी ७.०३. स्फोटाला साडेवीस तास.

केंद्राने पावणेपाचलाच सरकारला कळवलं होतं. आणीबाणी जाहीर व्हायला त्यानंतर सव्वादोन तास गेले. गावांत तेव्हा लोक लाटेत वाहून गेलेल्यांना शोधत होते आणि फोन बंद पडले होते. नामिएची वस्ती सुमारे एकवीस हजार. केंद्राने काही घडल्यास कळवायचं असा त्यांचा करार होता, पण फोन आला नाही. महापौरांना बातमी टीव्हीवरून कळली.

आपल्याकडे साखळी अशी आहे: केंद्राने जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, जिल्हाधिकाऱ्यांनी केंद्राबाहेरची आणीबाणी जाहीर करायची, मग तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील आणि सरपंच. केंद्राभोवतीच्या सोळा किलोमीटरच्या परिघासाठी आराखडा असतो, त्याचे सोळा विभाग पाडलेले असतात आणि दर दोन वर्षांनी रंगीत तालीम घेण्याचा नियम आहे. कागद आहे, आणि तो बराच नीट आहे. पण साखळीची शेवटची कडी पोलीस पाटलाच्या पुढे जाते. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी इथल्या बोटी समुद्रात असतात. बोईसरच्या चाळीत रात्रपाळी करून झोपलेला बिहारचा किंवा ओडिशाचा कामगार असतो, त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या कुठल्याच यादीत नसतं. त्याला कुणी, कुठल्या भाषेत उठवायचं?

रात्री ९.२३. स्फोटाला अठरा तास.

आदेश निघाला: तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी बाहेर पडावं, तीन ते दहा किलोमीटरमधल्यांनी घरात थांबावं. जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने नंतर हजारो रहिवाशांना विचारलं. हा आदेश निघाला त्या घटकेला केंद्रात अपघात झाल्याचं माहीत असलेले लोक त्यांत वीस टक्क्यांहून कमी होते.

घरात थांबा, दारं-खिडक्या लावून घ्या. पक्क्या घरासाठी हा सल्ला उत्तम आहे. भिंती आणि बंद दारं हवेतल्या किरणोत्सारी कणांपासून बराच बचाव करतात. पण तारापूर-डहाणू पट्ट्यातल्या पाड्यावरचं वारली घर डोळ्यांसमोर आणा. कारवीच्या काटक्या बांधून केलेला कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण, भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये चुलीचा धूर जावा म्हणून ठेवलेली मोकळी जागा. उन्हाळ्यात हे घर गार राहतं, पण वारा अडवत नाही. त्या घरातल्या बाईला ‘खिडकी बंद करा’ म्हणून काय सांगणार? तिच्यासाठी सल्ला वेगळा असायला हवा: जिल्हा परिषदेच्या शाळेत चला, आश्रमशाळेत चला. म्हणजे त्या शाळेची किल्ली रात्री साडेनऊला कुणाकडे असते हे आधी ठरलेलं असायला हवं. आराखडा करणाऱ्यांनी पाड्यावर एक रात्र राहून तो लिहावा, एवढीच मागणी आहे.

शनिवार, १२ मार्च, पहाटे ५.४४. स्फोटाला दहा तास.

अणुभट्टीतला दाब वाढत होता. वर्तुळ दहा किलोमीटरचं झालं. तारापूरहून दहा किलोमीटर म्हणजे तारापूर गाव, चिंचणी, औद्योगिक वसाहत आणि जवळपास बोईसर.

ओकुमातलं फुताबा रुग्णालय केंद्रापासून साडेचार किलोमीटरच्या सुमारास होतं. चालता येणारे दोनशेच्या वर रुग्ण आणि कर्मचारी त्या दिवशी बसने निघाले. अंथरुणाला खिळलेले मागे राहिले, शेजारच्या वृद्धाश्रमातले म्हातारेही. त्यांच्यासाठी वाहनं पोचायला १४ तारीख उजाडली. साध्या बसच्या सीटवर बसवलेल्या त्या रुग्णांचा प्रवास दहा तासांहून जास्त चालला. वाटेत डॉक्टर नव्हता. काही बसमध्येच गेले, आणि महिनाअखेरपर्यंत रुग्णालय व वृद्धाश्रम मिळून चाळीसच्या आसपास माणसं दगावली. किरणोत्साराने तिथे कुणी लगेच मेलं नाही. फुकुशिमा प्रांतात पुढच्या वर्षांत स्थलांतराच्या हालअपेष्टांशी निगडित मृत्यू दोन हजार तीनशेच्या वर नोंदले गेले. हा आकडा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण यातले कित्येक मृत्यू सलाइन लावलेल्या आजीला कोणत्या गाडीतून न्यायचं हे आधी ठरवून टाळता आले असते.

आपल्याकडच्या प्रशासनाला माणसं हलवता येत नाहीत असं कुणी म्हणू नये. मी पुणे जिल्ह्यातल्या कोरेगाव भीमाचा. दर १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक येतात. २०१८ साली त्याच दिवशी इथे हिंसाचार झाला आणि त्यानंतर नियोजन फार बारकाईने होऊ लागलं. नगर रोडची वाहतूक वळवली जाते, वाहनतळ ठरतात, तिथून पीएमपीच्या बस फेऱ्या मारतात, पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं आणि वैद्यकीय पथकं जागा नेमून उभी असतात. रस्ता कधी बंद होणार हे चौकातल्या चहावाल्यालाही आधी माहीत असतं. तारखा छापून येतात, लोक त्या वाचतात, दरवर्षी अंगवळणी पडतं. तारापूरच्या आराखड्याला नेमकं हेच हवं आहे: चिंचणीच्या शाळकरी मुलीला आपली बस कुठल्या फाट्यावर लागेल हे पाठ असणं.

दुपारी ३.३६.

पहिल्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या इमारतीचा माथा हायड्रोजनच्या स्फोटाने उडाला. संध्याकाळी ६.२५ ला वर्तुळ वीस किलोमीटरचं झालं.

आता पुन्हा पालघरचा नकाशा. वीस किलोमीटरच्या रेषेत डहाणू येतं, आणि रेषेला लागूनच पालघर शहर आहे, म्हणजे जिथून सगळं हलवायचं ते जिल्हाधिकारी कार्यालयच. आपली आखणी सोळा किलोमीटरची आहे. ओकुमामध्ये आणीबाणी हाताळण्यासाठी खास बांधलेलं केंद्र अणुभट्ट्यांपासून पाचेक किलोमीटरवर होतं. किरणोत्सार वाढला आणि १५ मार्चला तेच सोडून अधिकाऱ्यांना फुकुशिमा शहरात जावं लागलं. पालघरला पर्यायी कार्यालय आजच नेमून ठेवायला हवं, वर्तुळाच्या चांगलं बाहेर. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. ती माणसं निष्णात आहेत, पण घाट आणि महामार्ग ओलांडून पोचेपर्यंतचे तास गावालाच काढायचे असतात.

त्यानंतर.

वायव्येला त्सुशिमाकडे गेलेले नामिएचे हजारो लोक तिथे सुरक्षित आहोत असं समजून राहिले. वारा कुठे वाहणार याचे संगणकी अंदाज सरकारपाशी होते, ते त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत. १५ मार्चला किरणोत्सारी ढग त्याच दिशेने गेला.

त्याच दिवशी, पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या मिहारू गावाने हवामानाचा अंदाज पाहिला. वारा गावाकडे वळणार होता, पाऊस पडणार होता. पोटॅशियम आयोडाइडची गोळी किरणोत्सारी आयोडीन शरीरात जायच्या आधी किंवा पहिल्या काही तासांतच उपयोगी पडते, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने भरून ठेवते. दुसऱ्या दिवशी घेतली तर फारसा अर्थ उरत नाही. वरून आदेश आला नव्हता. गावाने चाळिशीच्या आतल्या सात हजारांवर लोकांना गोळ्या वाटल्या. प्रांत सरकारने त्या परत घ्यायला सांगितलं. मिहारूने नकार दिला.

फुताबाचे बाराशेच्या आसपास लोक १९ मार्चला आपल्या नगरपालिकेसह सैतामाच्या क्रीडागृहात आले, मग काझो शहरातल्या एका बंद पडलेल्या शाळेत. ती शाळा २०१३ च्या डिसेंबरात रिकामी झाली. फुताबा ते सैतामा सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर. तारापूर ते कोरेगाव भीमा साधारण तेवढंच. आमच्या ग्रामसभेपुढे मी एवढंच ठेवणार आहे: दुसऱ्या जिल्ह्यातली हजार माणसं तीन वर्षांसाठी आली, तर कोणती शाळा, कोणतं मंगल कार्यालय, किती पाणी, आणि त्यांच्या मुलांचे दाखले कोण करणार.