जागल्या आणि कॅमेरा

आमच्या सावेडीत माझ्या धाकट्या मावसभावाचे किराणा दुकान आहे. त्याने हौसेने चार कॅमेरे बसवले. पुढे चोरी झाली, आणि चोरट्यांनी गल्ल्याबरोबर चित्रण साठवणारी पेटीही उचलून नेली! "दादा, राखणदारच चोरीला गेला," असे तो सांगू लागला, तेव्हा हसावे की रडावे ते मला कळेना. आता इंटरनेटवर चालणारा कॅमेरा घ्यायचा, तर कोणता घेऊ, असे त्याने विचारले. मी पडलो इतिहासाचा माणूस. मला आठवला तो गावचा जागल्या.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने या मुलखाविषयी एक अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराचे काम नीट सांगितले आहे. रात्री पहारा करायचा, गावात कोण आले, कोण गेले हे ध्यानात ठेवायचे, परका माणूस दिसला की पाटलाला वर्दी द्यायची. चोरी झाली की त्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला, की पुढचे काम तिथल्या राखणदाराचे. छडा लागलाच नाही, तर भरपाई आधी त्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून आणि उरलेली साऱ्या गावाकडून! म्हणजे आपल्यावर नजर कोणाची आहे हे गावाला ठाऊक असे, आणि त्या नजरेला जाब विचारता येई.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हे काम जातीने अंगावर आलेले, मोबदला तुटपुंजा. महार वतनातली वेठ संपावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले होते. ही कनिष्ठ गाववतने अखेर रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. बरेच झाले. पण पहाऱ्याची गरज काही गेली नाही. आपल्याच जिल्ह्यातले शनिशिंगणापूर घ्या. घरांना दारे-कुलपे नसलेले गाव म्हणून त्याची ख्याती. २०११ साली एका बँकेने तिथे कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा देशभर बातमी झाली. २०१५ साली त्या गावातही पोलीस ठाणे आले.

आता हा नवा जागल्या जन्मला कुठे? इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात, आणि तोही चोरासाठी नव्हे, कॉफीसाठी! जिने चढून यावे नि भांडे रिकामे दिसावे, याला कंटाळलेल्या संगणकवाल्यांनी १९९१ साली त्या भांड्यावर कॅमेरा रोखला. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेले आणि जगात कोणालाही भांडे दिसू लागले. सोय आणि धोका, दोन्ही इथेच आले. आपल्याला दुरून दिसते ते दुसऱ्यालाही दिसू शकते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रणालीने असे असंख्य कॅमेरे परस्पर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. आपल्या सरकारनेही २०२५ च्या एप्रिलपासून अशा कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे.

तेव्हा भावाला मी म्हटले, "किती लांबचे दिसते हे मागून विचार. चित्रण राहते कुठे ते आधी विचार." नुसते कॅमेऱ्यातल्या कार्डावर असेल, तर कॅमेऱ्याबरोबर तेही जाईल. कंपनीच्या दूरच्या संगणकावर असेल तर ते वाचेल, पण त्याचे भाडे भरावे लागते, आणि ती कंपनी कोणती, चाचणी झालेली आहे का, हे पाहावे लागते. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. वीज गेली तर कॅमेऱ्याइतकीच राउटरलाही इन्व्हर्टरची गरज असते. हे पुष्कळजण विसरतात. विहिरीवरची मोटार किंवा कांदाचाळ राखायची, तर सिमकार्ड घालून सौर पट्टीवर चालणारे कॅमेरे मिळतात. मात्र पैसे मोजण्याआधी बांधावर उभे राहून मोबाईलला रेंज येते का ते बघा.

भावाने कॅमेरा घेतला, पासवर्डही बदलला. पण आठ दिवसांनी शेजारच्या आजी ओट्यावर भाजी निवडायला बसेनाशा झाल्या. विचारले तर म्हणाल्या, "तुझा तो डोळा दिवसभर माझ्याकडंच बघतोय की रे!" त्याने शिडी लावली, कॅमेरा वीतभर वळवून आपल्या शटरवर रोखला आणि मोबाईलवरचे चित्र आजींना दाखवले. दुसऱ्या दिवशी आजी मेथीची जुडी घेऊन पुन्हा ओट्यावर आल्या.