वकिलाची चूक कोणाच्या खात्यावर?

मिल्टन कीन्समध्ये चार मराठी कुटुंबं जेवायला एकत्र बसली की मुलांच्या शाळा, घराचं कर्ज आणि भारतातल्या तिकिटांचे भाव झाल्यावर गाडी व्हिसावर येतेच. कुणाची मुदतवाढ जवळ आलेली असते, कुणाला कायम वास्तव्याचा अर्ज भरायचा असतो, कुणाला आईला इकडे आणायचं असतं. मग ठरलेला प्रश्न येतो, "तुमचा वकील कोण?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "अमक्यानं त्याच्याकडून केलं, त्याचं पंधरा दिवसांत झालं."

ओळखीतून माणूस शोधण्यात चूक काही नाही. आपण डॉक्टरही तसाच शोधतो. पण या देशातल्या इमिग्रेशनच्या कायद्याचा इतिहास थोडा चाळला, तर लक्षात येतं की 'त्याचं झालं' एवढ्यावर वकील ठरवणं धोक्याचं आहे. त्या इतिहासातल्या काही गोष्टी तुम्हाला सांगतो. वकील नेमताना नेमकं काय विचारायचं, हे त्यातून आपोआप कळेल.

सुरुवात एका हरलेल्या माणसापासून करू. इराकमधून शिकायला आलेला अल-महदावी नावाचा एक विद्यार्थी होता. मुदत संपूनही राहिला म्हणून त्याला परत पाठवण्याचा निर्णय झाला. त्यानं सॉलिसिटर नेमून अपील केलं. सुनावणीची तारीख ठरली, सॉलिसिटरनी त्याला पत्र धाडलं, पण ते चुकीच्या पत्त्यावर गेलं. तो सुनावणीला आला नाही आणि त्याच्या गैरहजेरीत अपील फेटाळलं गेलं. ते कळवणारं पत्रही चुकीच्या पत्त्यावर गेलं, त्यामुळे पुढे दाद मागायची मुदतही टळली. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचलं. १९८९ मध्ये निकाल लागला तो असा: न्यायाधिकरणानं काही अन्याय केलेला नाही, चूक त्याच्याच वकिलांची आहे, तेव्हा तिचा भार त्यानंच सोसायचा.

नंतरच्या निकालांनी, विशेषतः आश्रयाच्या प्रकरणांत, या नियमाची धार थोडी बोथट केली. तरी 'चूक माझ्या वकिलाची होती' एवढं म्हणून आजही भागत नाही. २००४ च्या एका निकालानं स्पष्ट केलं, की जुन्या वकिलावर ठपका ठेवायचा असेल तर आधी तो आरोप त्या वकिलाला कळवायचा आणि त्याचं उत्तरही न्यायाधिकरणापुढे ठेवायचं. थोडक्यात, तुम्ही ज्याला नेमता त्याची सही तुमच्या नावानं होते आणि त्याची चूकही तुमच्या खात्यावर मांडली जाते. म्हणून पहिला प्रश्न 'हा किती हुशार आहे?' असा नसतो. 'चूक झाली तर हा कोणाला जबाबदार आहे?' हा असतो.

या प्रश्नालाही इतिहास आहे. १९६२ पर्यंत भारतातून इथे यायला इमिग्रेशनच्या वकिलाची फारशी गरजच नव्हती, कारण राष्ट्रकुलातल्या नागरिकांना प्रवेश मोकळा होता. १ जुलै १९६२ पासून कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्ट लागू झाला आणि दार अर्धं लोटलं गेलं. जानेवारी १९६७ मध्ये मिल्टन कीन्स हे नवं शहर वसवण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी स्थलांतरितांना कायद्याची मदत करणारी जॉइंट काउन्सिल फॉर द वेल्फेअर ऑफ इमिग्रंट्स ही संस्था उभी राहिली. १९६९ च्या कायद्यानं अपिलाची रीतसर व्यवस्था आणली. १९७१ चा इमिग्रेशन ॲक्ट १ जानेवारी १९७३ पासून अमलात आला, आणि आजही सगळी इमारत त्याच पायावर उभी आहे. म्हणजे आपलं हे शहर आणि इमिग्रेशनची वकिली साधारण एकाच वयाची आहेत.

नियम वाढले तसे सल्लागारही वाढले. सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांच्यावर त्यांच्या संस्थांचं नियंत्रण होतं, पण बाकी कुणीही टेबल-खुर्ची टाकून, पाटी लावून इमिग्रेशनचा सल्ला विकू शकत होता. फसलेल्या माणसाला जायला जागा नव्हती. हे थांबलं ते १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम ॲक्टमुळे. त्याच्या ८४व्या कलमानुसार पात्रता किंवा नोंदणी नसताना हा सल्ला देण्याचा उद्योग करणं गुन्हा ठरला आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद झाली. पैसे न घेता चालवलेल्या सेवेलाही हे लागू आहे. मित्रानं जेवताना सांगितलेला अनुभव हा गुन्हा नव्हे, पण ओळखीतला कुणी 'मी सगळ्यांचे फॉर्म भरून देतो' म्हणत असेल, तर त्याची नोंदणी आहे का हे विचारण्यात संकोच नको.

मराठीत आपल्याकडे 'वकील' हा एकच शब्द आहे, आणि 'बॅरिस्टर' ही नावाआधी लावायची पदवी. ग्रेज इनमधून १९२२ मध्ये बॅरिस्टर झालेले डॉ. आंबेडकर किंवा बॅ. नाथ पै यांच्यामुळे तो शब्द आपल्या मनात उंचावर बसलेला आहे. इथे कामाचे तीन वेगळे दरवाजे आहेत. सॉलिसिटर तुमची फाईल चालवतो. त्याचं नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या यादीत सापडतं. बॅरिस्टर मुख्यतः न्यायालयात बाजू मांडतो. त्याची नोंद बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे असते, आणि ठरावीक परवानगी असलेले बॅरिस्टर थेटही नेमता येतात. तिसरा नोंदणीकृत सल्लागार. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या कार्यालयाला जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी असं नाव मिळालं आहे. या सल्लागारांच्या तीन पातळ्या असतात: पहिलीचा सल्लागार साधे अर्ज करतो, दुसरीचा गुंतागुंतीची प्रकरणं हाताळतो, तिसरीचा न्यायाधिकरणापुढे उभा राहू शकतो. साधी मुदतवाढ असेल तर पहिली पातळी पुरते. अर्ज नाकारला गेला असेल तर तिथे थांबू नका. या तिन्ही याद्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात आणि नाव तपासायला पाच मिनिटं लागतात.

आता 'अनुभवी' म्हणजे काय? वीस वर्षांपूर्वीची गोष्ट त्याचं उत्तर देते. जानेवारी २००२ मध्ये हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम सुरू झाला. पुण्या-मुंबईचे अनेक इंजिनियर आणि डॉक्टर त्यातून आले. ब्रिटन हेच आपलं मुख्य घर करू, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. लोकांनी तिकडची घरं, नोकऱ्या मागे टाकल्या. एप्रिल २००६ मध्ये कायम वास्तव्यासाठीची चार वर्षांची अट पाच झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुदतवाढीचे निकषही बदलले, आणि तेही आधीच येऊन राहिलेल्यांसाठी. आल्या दिवशी पात्र असलेला माणूस एका रात्रीत अपात्र ठरू लागला.

लोक एकत्र आले, एचएसएमपी फोरम उभा राहिला, वर्गणी काढून वकील नेमले गेले. एप्रिल २००८ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, की योजनेत आधीच आलेल्यांना नवे निकष लावणं बेकायदा आहे. एप्रिल २००९ च्या दुसऱ्या निकालानं त्यांना चार वर्षांची जुनी अटही परत मिळाली. यात कामाला आली ती सरकारची जुनी मार्गदर्शिका. योजना पुढे बदलली तरी आत आलेल्यांना चार वर्षांनी अर्ज करता येईल, असं तिच्यात छापलेलं होतं. ज्यांनी ते कागद जपले आणि ज्या वकिलांनी ते वाचले, त्यांच्यामुळे बाकीच्यांचंही भलं झालं.

म्हणून अनुभवी वकील पहिल्या भेटीत तुमचा पगार विचारण्याआधी तुमच्या तारखा विचारतो: कधी आलात, कोणत्या व्हिसावर, मध्ये किती दिवस देशाबाहेर होतात. कारण कोणता नियम तुम्हाला लागू होतो, हे बऱ्याचदा त्या तारखांवर ठरतं.

दुसरी गोष्ट अलीकडची आहे. टियर वन जनरल व्हिसावरच्या अनेकांचे कायम वास्तव्याचे अर्ज ३२२(५) या परिच्छेदाखाली नाकारले गेले. होम ऑफिसला दाखवलेलं उत्पन्न आणि करखात्याला दाखवलेलं उत्पन्न जुळत नव्हतं, एवढ्यावरून त्यांना अप्रामाणिक ठरवलं गेलं. 'अकाउंटंटनं चूक केली' असं कित्येकांचं म्हणणं होतं. एप्रिल २०१९ मध्ये बालाजीगरी खटल्यात अपील न्यायालयानं सांगितलं, की आधी संशय कळवा, माणसाला खुलाशाची संधी द्या. नुसता निष्काळजीपणा म्हणजे अप्रामाणिकपणा नव्हे. पण तो निकाल येईपर्यंत लोकांनी नोकऱ्या आणि बचती गमावल्या होत्या. चांगल्या वकिलानं अर्ज जाण्याआधीच दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले असते.

तर नेमणूक करताना हे विचारा. माझी फाईल प्रत्यक्ष कोण पाहणार? त्याची नोंदणी कुठे आहे? माझ्यासारखी प्रकरणं याआधी केली आहेत का, आणि त्यातलं एखादं नाकारलं गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत? फी किती आणि तिच्यात काय येत नाही? तक्रार कुठे करायची? ही उत्तरं लेखी मागा. प्रामाणिक वकील ती मागण्याआधीच देतो. 'शंभर टक्के काम होईल' असं म्हणणाऱ्यापासून उठून या. 'तुम्हाला माझी गरज नाही, हा अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता' असं म्हणणारा भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवा. आणि नकाराचं पत्र आलंच, तर कॅलेंडर काढा: देशात राहून अपील करायला सहसा चौदाच दिवस मिळतात. पत्ता बदललात तर त्याच दिवशी वकिलाला कळवा. अल-महदावीची गोष्ट लक्षात असू द्या.

हे आजच सांगण्याचं कारण म्हणजे नियम पुन्हा हलू लागले आहेत. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंड झाली, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंड. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्याची पाच वर्षांची अट दहा करण्याचा प्रस्ताव आला. २००६ मध्ये चाराचे पाच झाले तेव्हा जो प्रश्न होता, तोच आज पुन्हा समोर आहे: आधी आलेल्यांचं काय? त्याचं उत्तर सरकार आणि न्यायालयं देतील तेव्हा देतील. तोवर आज संध्याकाळी एवढं करा: पहिल्या व्हिसापासूनची सगळी पत्रं, पगारपत्रकं, कराची विवरणं, प्रवासाच्या तारखा आणि अर्ज केला त्या दिवशीची मार्गदर्शिका एका फाईलमध्ये लावून ठेवा. उद्या वकिलासमोर बसाल तेव्हा तो आधी तीच मागेल.