हुंडेकरी अजून गेलेला नाही

'हुंडेकरी' हा शब्द आज आपल्याला आडनाव म्हणून किंवा एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या पाटीवर दिसतो. पण या एका शब्दात आपल्याकडच्या करवसुलीचा दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि ई-वे बिल, फास्टॅगच्या काळातही तो संपलेला नाही. पोस्ट जरा लांब आहे. धंदा करणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

पेशवाईत जकात एकदा भरली की सुटलो, असं नव्हतं. माल भरला तिथे थळभरीत, विकला तिथे थळमोड, आणि वाटेत जागोजागी चौक्या. वसुली बऱ्याच ठिकाणी मक्त्याने दिलेली. मक्तेदाराला आपला मक्ता वसूल करायचा, त्यामुळे अडवणूक ठरलेलीच. कोकणातून मीठ घेऊन घाट चढणाऱ्या बैलांच्या तांड्याला किती ठिकाणी थांबावं लागत असेल, विचार करा.

यावर बाजारानेच तोडगा काढला. हुंडेकरी व्यापाऱ्याला म्हणायचा, "एवढी एकरकमी द्या, वाटेतल्या चौक्या मी बघतो." पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात या हुंडेकऱ्यांचा उल्लेख आहे. व्यापाऱ्याची सोय झाली, पण त्या सोयीचे पैसे अर्थातच मालाच्या किमतीत चढले. सरकारला कर मिळाला, मक्तेदाराला नफा मिळाला, हुंडेकऱ्याला मोबदला मिळाला, आणि हे सगळं भरलं मीठ विकत घेणाऱ्याने.

कंपनी सरकारनेही सुरुवातीला हीच व्यवस्था चालू ठेवली. बंगालमध्ये मालासोबत 'रवाना' नावाचा परवाना लागायचा. माल वाटेत वाटला गेला की रवानाही फोडून घ्यावा लागे, आणि कागद व माल जुळतोय का हे चौकीवरचा तुटपुंज्या पगाराचा माणूस ठरवणार. चार्ल्स ट्रेव्हेलियन या अधिकाऱ्याने 1830 च्या दशकात यावर सविस्तर अहवाल लिहिला. सरकारच्या तिजोरीत जेवढं येतं, त्याच्या तुलनेत लोकांना होणारा जाच फार मोठा आहे, हे त्याने दाखवलं. 1836 मध्ये बंगालमधली आणि 1838 मध्ये मुंबई इलाख्यातली ही अंतर्गत जकात रद्द झाली.

पण जकात शहरांच्या वेशीवर परत आली. म्युनिसिपालट्यांना उत्पन्न हवं होतं, आणि वेशीवर माल अडवणं हा सगळ्यात सोपा मार्ग. माझ्या पिढीने जकात नाके डोळ्यांनी पाहिलेत. मुलुंड, दहिसर, मानखुर्दला ट्रकच्या रांगा, वजनकाटा, क्लीनरच्या हातात बिल्ट्या. काही महापालिकांनी तर वसुली खासगी ठेकेदाराला देऊन टाकली, म्हणजे पेशवाईतला मक्ताच! आणि नाक्यावर कागद पटकन पुढे सरकवून देणारा एजंट असायचाच. हुंडेकऱ्याचं नाव बदललं होतं, काम तेच होतं.

1999 मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली. महापालिकांमध्ये 2010 पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी आला. 2013 मध्ये तो पुणे, ठाण्यासारख्या शहरांत लागू झाला तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारले. 2015 मध्ये 50 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना त्यातून सूट मिळाली. मुंबईची जकात मात्र थेट 1 जुलै 2017 ला, जीएसटी आला तेव्हाच संपली.

आता डिजिटल काळ. एप्रिल 2018 पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल सक्तीचं झालं, मे महिन्यात राज्यांतर्गत वाहतुकीलाही. 2021 पासून त्याला फास्टॅगची जोड मिळाली, म्हणजे गाडी कुठल्या टोलनाक्यावरून गेली हे अधिकाऱ्याला न अडवता दिसतं. ई-इनव्हॉइस 2020 मध्ये 500 कोटींवरच्या कंपन्यांपासून सुरू झालं आणि 2023 पर्यंत 5 कोटींवरच्या धंद्यांपर्यंत पोचलं. हा बदल खरा आहे. नाक्यावर रात्र काढलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. रवाना आणि ई-वे बिल ही एकाच कुळातली, पण ई-वे बिलात चौकीवरच्या माणसाची मर्जी बरीच कमी झाली.

मग हुंडेकरी गेला का? नाही. तो रस्त्यावरून उठून ऑफिसात जाऊन बसला.

समजा इचलकरंजीतल्या एका छोट्या कारखानदाराने सूत घेतलं. बिल पक्कं, पैसे बँकेतून, जीएसटीसकट दिलेले. पण सूत विकणाऱ्याने रिटर्नच भरलं नाही. तर ते बिल या खरेदीदाराच्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसत नाही, आणि 2022 पासून तिथे न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे कर एकदा दिला, तो परत खिशातून भरा, आणि विकणाऱ्याच्या मागे फोन करत फिरा. पूर्वी चुकवेगिरी पकडायचं काम चौकीचं होतं. आता ते निम्मं तरी प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या गळ्यात आहे. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी अकाउंट्सचा विभाग असतो. छोटा माणूस दर महिन्याला कन्सल्टंटला फी देतो. "पोर्टलचं सगळं मी बघतो", हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना?

दुसरीकडे ज्यांना बुडवायचंय ते बुडवतातच. 2023 च्या देशव्यापी मोहिमेत जीएसटी नोंदणी असलेल्या, पण प्रत्यक्षात नसलेल्या सुमारे 21,800 फर्म सापडल्या. संशयित करचोरी सुमारे 24,000 कोटींची. कागद ऑनलाइन गेला म्हणून खोटा कागद संपत नाही.

जुलै 2025 मध्ये बंगळुरूत काय झालं तेही आठवा. यूपीआयवरची जमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. त्यात दूध, भाजी असा करमाफ माल विकणारेही होते. यंत्राला रक्कम दिसली, माल दिसला नाही. लोकांनी क्यूआर कोड उतरवून रोख मागायला सुरुवात केली. शेवटी जुनी वसुली करणार नाही, असं मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं.

मी डिजिटल करवसुलीच्या विरोधात नाही. कर नीट भरला जायलाच हवा, त्यातूनच रस्ते आणि दवाखाने होतात. पण दर महिन्याला जीएसटीचे आकडे जाहीर झाले की आपण फक्त किती लाख कोटी जमले एवढंच बघतो. माझ्या मते कसोटी दुसरी आहे: पाच-दहा जणांचा धंदा चालवणाऱ्या माणसाला मधल्या माणसाशिवाय स्वतःचा कर भरता येतो का? त्यासाठी दोन गोष्टी मागायला हव्यात. बँकेतून पैसे दिलेल्या खरेदीदाराला विकणाऱ्याच्या पापाची शिक्षा नको, आणि नोटीस साध्या मराठीत हवी, उत्तर द्यायला पुरेसा वेळ देऊन.

हे होत नाही तोवर हुंडेकऱ्याचा मोबदला चालूच राहणार. तो आजही मालाच्या किमतीत चढतो, आणि आजही आपणच भरतो.

तुम्ही स्वतः रिटर्न भरता, की कोणाकडून भरून घेता? महिन्याला किती खर्च येतो? कमेंटमध्ये सांगा.