तळटीप : पिवळा रानल्युपिन

३. ल्युपिन : लेखकाने नुसतेच ‘ल्युपिन’ म्हटले असले, तरी किनाऱ्यावरच्या वाळूचा उल्लेख पाहता हे कॅलिफोर्नियातले ल्युपिनस आर्बोरियस असावे. बागेतल्या ल्युपिनसारखे ते हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळत नाही. बुंधा लाकडी, उंची दीड-दोन मीटर, पसारा तेवढाच. एकाच देठाच्या टोकाशी ५ ते १२ लांबट पर्णिका चक्राकार फुटतात. फुले बहुधा पिवळी, क्वचित जांभळट, सुवासिक; घडण आपल्या तागाच्या फुलासारखी. मधमाशी बसली की तिच्या भाराने खालच्या जोडपाकळ्या दबतात आणि त्यांच्या टोकातून पराग तिच्या पोटाला लागतो. लवदार शेंग वाळली की तडकते, पिळवटते आणि बिया दूर उडवते. बिया कडू व विषारी. खाण्याचे ल्युपिन वेगळे.

मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात, म्हणून ते निकस वाळूतही फोफावते. हाच गुण पुढे नडला. वाळू धरून ठेवण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उत्तरेला हम्बोल्ट उपसागराकाठी लावले गेले. वाळू सुपीक झाली, परके गवत माजले आणि टेकड्यांवरच्या मूळच्या खुरट्या वनस्पती मागे हटल्या. आता तिथे ते मुद्दाम उपटून काढतात. — संपा.