निगेटिव्ह ते वेबचित्र: छायाचित्र लहान करण्याचा इतिहास

देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात पोलादी मतपेट्या तयार झाल्या. बारा लाखांहून अधिक पेट्या तिथून देशभर गेल्या. त्या काळाची छायाचित्रे विक्रोळीतच, २००६ साली सुरू झालेल्या गोदरेज आर्काइव्ह्जमध्ये जपलेली आहेत आणि तीच आता मोबाइलच्या पडद्यावरही पाहायला मिळतात. संग्रहातली मूळ प्रत आणि पडद्यावरची प्रत यांत दृश्य एकच असले, तरी वस्तू दोन आहेत. मूळ प्रतीतून हलकी, पाठवता येण्याजोगी प्रत काढण्याची कला डिजिटल कॅमेऱ्याच्या बरीच आधीची आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या पिढीतले नामवंत छायाचित्रकार. मात्र छायाचित्र छापण्याची सोय तेव्हा नव्हती. जॉन्सन आणि हेंडरसन यांनी १८५६ पासून मुंबईत जो छायाचित्रांचा अल्बम अंकाअंकाने काढला, त्याच्या प्रत्येक प्रतीत खऱ्या छायाचित्रांचे कागद चिकटवावे लागत. छपाईची शाई एकतर उमटते किंवा उमटत नाही; छायाचित्रातल्या करड्या छटा तिला दाखवता येत नव्हत्या.

ही अडचण १८८० च्या दशकात हाफटोन पद्धतीने दूर केली. जाळीतून चित्र घेतले की छटांचे लहानमोठे ठिपके होतात, आणि ठिपक्यांचा ब्लॉक शिशाच्या खिळ्यांबरोबर छापता येतो. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी याच व्यवसायात होते. रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली निघाला, काही काळ विक्रोळीशेजारच्या घाटकोपरला होता आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यासाठी फाळक्यांनी फोटोलिथोचे काम केले आणि पुढे दादरला स्वतःचा छापखाना चालवला. ब्लॉक करणाऱ्याला माध्यम पाहून जाळी निवडावी लागे. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला जाडी जाळी, आर्ट पेपरला बारीक. छपाईत तपशील गळत असे, पण निगेटिव्ह शाबूत राही.

डिजिटल छायाचित्रणातही हीच विभागणी आहे. कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनवलेल्या कॅमेऱ्यात १०० बाय १०० ठिपक्यांचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. त्याच कंपनीतील ब्राइस बायर यांची रंगजाळी आज बहुतेक कॅमेऱ्यांत असते. तिच्यामुळे सेन्सरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. दर चार ठिपक्यांत दोन हिरवे असतात. ही जवळजवळ कच्ची मोजमापे म्हणजे रॉ फाइल. ती पाहण्याजोगे चित्र नसून डिजिटल निगेटिव्ह आहे.

रॉ फाइलचे वेबचित्र टप्प्याटप्प्याने होते. प्रथम शेजारच्या ठिपक्यांवरून प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग काढतात. मग व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर ठरवतात. प्रत्येक ठिपक्यामागे १४ बिट असतील, तर प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदता येतात. नेहमीच्या ८ बिटांच्या चित्रात दर रंगाच्या २५६ उरतात. त्यानंतर चित्राची लांबी-रुंदी कमी करतात, कडा किंचित तीव्र करतात आणि शेवटी दाबून साठवतात.

या शेवटच्या टप्प्याचे गणित बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडले. त्यावरच १९९२ चे जेपेग प्रमाण उभे आहे. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील ढोबळ आणि बारीक बदल वेगळे केले जातात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक बदल गाळले जातात. रंगातील फरकापेक्षा उजेडातील फरक डोळ्याला अधिक कळतो, म्हणून रंगाची माहिती आणखी कमी ठेवता येते. एकदा गाळलेले परत मिळत नाही. तीच फाइल पुनःपुन्हा उघडून, बदलून साठवली, तर चौकोनांच्या कडा दिसू लागतात.

मुंबईत विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी लोकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा या काटकसरीचे मोल कळले. २४ मेगापिक्सेलची १४ बिटांची रॉ फाइल न दाबता सुमारे ४२ मेगाबाइट भरते. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर ती उतरवायला तीन तासांहून अधिक वेळ लागला असता; ३०० किलोबाइटचे जेपेग दीड मिनिटाच्या आत येते.

पुढे गूगलने २०१० साली वेबपी आणले. आयफोनने २०१७ पासून हाइक स्वीकारले आणि २०१९ मध्ये एव्हिफचे प्रमाण ठरले. हे प्रकार तेवढ्याच दर्जाचे चित्र साधारणपणे जेपेगपेक्षा कमी जागेत बसवतात. तरीही कुठेही उघडण्याची खात्री अजून जेपेगचीच सर्वाधिक. अक्षरे आणि रेखाचित्रे यांना काहीही न गाळणारे पीएनजी बरे पडते.

संग्रहालयांची सर्वमान्य शिस्त या साऱ्या इतिहासाला धरून आहे. जुन्या निगेटिव्हचे स्कॅन काहीही न गाळता, बहुधा टिफ प्रकारात, मूळ प्रत म्हणून ठेवतात आणि वाचकांसाठी त्यातून लहान जेपेग काढतात. नव्या छायाचित्राची रॉ फाइल हीच मूळ प्रत. कॅमेऱ्याच्या प्रत्येक कंपनीचा रॉ प्रकार वेगळा असल्याने अडोबीने २००४ साली डीएनजी हा खुला प्रकार दिला, तो दीर्घकाळ जपण्यासाठी उपयोगी ठरतो. विक्रोळीतल्या मतपेट्यांची छायाचित्रे सत्तर वर्षांनंतरही पाहता येतात, कारण मूळ प्रती कोणीतरी सांभाळल्या. लहान प्रत मूळ प्रतीतून कधीही पुन्हा काढता येते. लहान प्रतीतून मूळ प्रत कधीच निघत नाही. म्हणून घरच्या छायाचित्रांचीही मूळ फाइल आधी दोन ठिकाणी जपावी आणि मगच लहान प्रत पाठवावी.