पशुवैद्यकीय शिक्षणातील समस्याधारित अध्ययन

आधी व्याख्याने आणि मग रुग्ण, हा वैद्यकीय शिक्षणाचा रूढ क्रम होय. समस्याधारित अध्ययनात तो उलटा होतो. विद्यार्थ्यांपुढे प्रथम रुग्ण येतो व त्याच्या आजाराचा उलगडा करता करता विषयांचा अभ्यास घडतो. कॅनडातील हॅमिल्टन येथे मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय विद्यालयात ही पद्धत प्रथम रुजली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने १९९३ मध्ये तिच्या आधारे अभ्यासक्रमाची फेरमांडणी केली. कॅलिफोर्नियातील पोमोना येथील वेस्टर्न युनिव्हर्सिटी ऑफ हेल्थ सायन्सेसमध्ये पशुवैद्यकाची पहिली तुकडी २००३ मध्ये याच पद्धतीने शिकू लागली.

पशुवैद्याचा रुग्ण बोलत नाही. शिवाय गाय, घोडा, कुत्रा, कोंबडी यांची शरीररचना निराळी आणि औषधांची मात्राही निराळी. प्रत्येक प्राण्याचा प्रत्येक आजार पाठ करणे अशक्य असल्याने निदानाची विचारपद्धती अंगी बाणवावी लागते.

उदाहरणार्थ, नुकतीच व्यालेली दुभती गाय उठत नाही, तिचे कान थंड आहेत आणि मान कुशीकडे वळली आहे, एवढीच माहिती सात-आठ विद्यार्थ्यांच्या गटाला मिळते. हाड मोडले असेल, मज्जातंतूला इजा झाली असेल, की कासदाह? विद्यार्थी शक्यता मांडतात, आपल्याला काय ठाऊक नाही याची यादी करतात, अभ्यास करून पुन्हा भेटतात. मार्गदर्शक उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. अखेर रक्तातील कॅल्शियम घटल्याने होणारा दुग्धज्वर ध्यानात येतो. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो. कॅल्शियम शिरेतून भराभर दिल्यास हृदय बंद पडू शकते, हेही कळते. अशा रीतीने एका गाईच्या निमित्ताने शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र व पशुपोषण यांची सांगड बसते.

पद्धतीला मर्यादाही आहेत. लहान गटांसाठी अध्यापक अधिक लागतात. मानवी वैद्यकातील अनुभवांच्या १९९३ मधील आढाव्यांत अशा विद्यार्थ्यांची रुग्णतपासणीतील कामगिरी बरी आढळली. मूलभूत विज्ञानाच्या परीक्षांत मात्र ते काही वेळा मागे पडले. टाके घालणे, गाभण तपासणी यांसारखी कौशल्ये चर्चेतून येत नाहीत. त्यामुळे प्रकरणांची काटेकोर निवड आणि प्रात्यक्षिकांची जोड नसेल, तर विद्यार्थ्याच्या ज्ञानातील उणीव पुढे मुक्या जनावराला भोगावी लागते.